चिकटवलेला कोपरा

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला मी वरच्या खोलीचं कुलूप काढलं, तेव्हा टेबलावर रजिस्टर होतं, माझं विसरलेलं चष्म्याचं घर होतं आणि एक लाल नाडी होती. फाईल नव्हती.

मी टेबलाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, कपाटावर पाहिलं, आणि मग तीच तीन ठिकाणं पुन्हा पाहिली. हरवलेली वस्तू दुसऱ्या खेपेला तिथेच सापडेल अशी आशा माणसाला का वाटते कोण जाणे. तिसऱ्या खेपेनंतर मी बाकावर बसले.

फाईल कसली, तर अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या एकतीस पेपरांची. ह्याच खोलीत आमच्या सरांनी शाळा सुटल्यावरचा इंग्रजीचा वर्ग काढला होता. वह्या-पुस्तकं फुकट, जागा बारा, आणि त्या बारांतली एक मी. त्या वर्गाने मला काय दिलं हे सांगत बसले तर गोष्ट बाजूलाच राहील. एवढंच सांगते, की माझे वडील लॉन्ड्रीत चादरी धुवायचे आणि मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले.

आता तोच वर्ग मला पुन्हा सुरू करायचा होता. रोज साडेपाच ते सात, शिष्यवृत्तीच्या चोवीस जागा, पुस्तकं आणि बसचा पास संस्थेकडून. गोदामांमागच्या वस्तीतल्या एक्केचाळीस मुलामुलींनी अर्ज भरले होते. काहींनी तर आधी कच्चा अर्ज लिहून मग पक्का केला होता. संस्थेच्या अध्यक्षीणबाईंना सगळं पसंत होतं, अडत होतं एकाच ठिकाणी.

"अशा वर्गांत शेवटी ओळखीपाळखीचीच मुलं बसतात," त्या म्हणाल्या होत्या. "ह्याची चिठ्ठी, त्याचा फोन. मी खूप पाहिलंय."

"आमच्या सरांच्या वर्गात शिफारस औषधालासुद्धा नव्हती," मी तावातावाने म्हटलं होतं. "पुरावा दाखवते!"

"शुक्रवारी चारला येते. दाखवा. नाहीतर शेजारचा फर्निचरवाला ही खोली गोदामासाठी मागतोच आहे."

तो पुरावा म्हणजे ती फाईल. माझ्या हातात पावणेसात तास होते.

मी नाडी उचलली. ती कुठेही कापलेली नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षं घट्ट बसलेली गाठ कुणीतरी शांतपणे सोडवून ठेवली होती, आणि आदल्याच दिवशी मी त्या गाठीपुढे हात टेकले होते.

२

आदल्या दिवशी आम्ही पाच जण ह्या टेबलाभोवती बसलो होतो. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून मामांनी फाईल आणि रजिस्टर काढून आणलं. मामा म्हणजे ह्या इमारतीचे शिपाई, बत्तीस वर्षं इथे आहेत आणि कुठल्या जिन्याची कुठली पायरी करकरते ते त्यांना पाठ आहे. त्यांनी धूळ झटकली तसं आम्ही सगळ्यांनी शिंका दिल्या.

पुठ्ठ्यावर सरांचं अक्षर होतं. तिरकं, बारीक, प्रत्येक रेघ जागच्या जागी. सर एका खांद्याने थोडे वाकडे चालायचे, खडूचे तुकडे खिशात ठेवायचे, आणि वर्ग सुटताना रोज म्हणायचे, "आज शिकलात ते घरी जाऊन कुणालातरी सांगा. सांगितलं की राहतं." दुसऱ्या दिवशी दारातच मला विचारायचे, "सांगितलंस का?" मी मान डोलवायची.

"तुमची ती पद्धत काय होती नेमकी?" छोट्या सरांनी विचारलं. हे आमचे तरुण इंग्रजीचे मास्तर. निवड संगणकावर परीक्षा घेऊन करावी, जुने कागद चाळण्यात वेळ घालवू नये, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी आठवड्यातून तीनदा सांगितलं होतं.

"साधी," मी म्हटलं. "मुलाने नाव लिहायचं ते वरच्या कोपऱ्यात. कोपरा दुमडायचा आणि खळीने चिकटवायचा. सर नाव न बघता वाचणार, बारा पेपर निवडणार आणि फक्त त्या बारांचे कोपरे उघडणार. बाकीचे तसेच बंद. कोण नापसंत झालं ते खुद्द सरांनाही कळायचं नाही. पेपरावर गुणसुद्धा लिहायचे नाहीत. पोरांच्या लिखाणावर लाल रेघ नको म्हणायचे."

"आणि विषय?" ग्रंथपालांनी विचारलं. त्यांचं वाचनालय तळमजल्यावर आहे, पुस्तकं जिन्यापर्यंत आली आहेत, आणि ही वरची खोली त्यांच्या डोळ्यांत भरली आहे हे त्या लपवतही नाहीत.

"'मला इंग्रजी का शिकायचं आहे?' आपापल्या भाषेत, एक पान."

मी गाठ सोडवायला गेले. नखं लावली, पेन्सिलीचं टोक लावलं, शेवटी दात लावले. छोटे सर खिशातून कटर काढून पुढे सरसावले. मी त्यांच्या हातावर चापट मारली. "सरांच्या हातची गाठ आहे ती. कापायची नाही."

मग कडेने दोन-तीन पेपर बाहेर ओढून पाहिले. एकाचा कोपरा उघडलेला, दोहोंचे अजून बंद.

"उद्या सकाळी आरामात बसून गाठ सोडवते," मी म्हटलं. "मला माझा पेपर बघायचाय. काय लिहिलं होतं काही आठवत नाही. अक्षरावरून लगेच ओळखेन. अध्यक्षीणबाईंना आधी तोच दाखवणार."

"अगं, जुनं कशाला उकरतेस?" टाचणी म्हणाली.

टाचणी ही माझी बालमैत्रीण. लहानपणी अगदीच काटकुळी होती म्हणून हे नाव पडलं. आता ती खालच्या मजल्यावर शिवणवर्ग चालवते आणि तोंडात कायम दोन टाचण्या असतात, त्यामुळे नाव टिकलं. वस्तीतली प्रत्येक आई तिला ओळखते. एक्केचाळीस अर्जांपैकी तीस तरी तिने दारोदार फिरून भरून घेतले होते. मला ती 'दुर्बीण' म्हणते. परीक्षेत तिसऱ्या बाकाखालची चिठ्ठी मला फळ्यापासून दिसायची म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव तिने उचललं.

तर ह्या चौघांसमोर मी ते बोलले, आणि रात्र उलटायच्या आत फाईल गेली. किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली असते, म्हणजे कुलूप असून नसल्यासारखंच. बाहेरच्या चोराला जुने पेपर काय करायचेत? चोर आमच्या पाचांतलाच होता, आणि पाचांतून मी स्वतःला वजा केलं.

ती वजाबाकी मी जरा घाईने केली, हे नंतर कळलं.

३

आधी मामांना गाठलं. ते ऑफिसात विजेची किटली हातात घेऊन कपाळाला हात लावून बसले होते.

"बाई, बघा काय केलंय कुणी! पाणी आटलं, बूड जळलं. काल साडेसहाला जळका वास आला म्हणून धावत आलो, तर ही नुसतीच तापत पडलेली."

"तुम्हीच चहाला ठेवली असेल."

"मी? ह्या किटलीला मी हात लावत नाही. मागच्या वर्षी झटका बसला होता मला. माझा चहा गॅसवर, पातेल्यात." ते दुखावले. "आणि चहा कुणी पिणार होतं? काल दूध नासलं होतं. कप बघा, दुपारी धुऊन पालथे घातले ते अजून तसेच आहेत."

मी कप पाहिले. सहाच्या सहा पालथे, कोरडे ठणठणीत.

"मामा, पाचनंतर वर कोण गेलं?"

"मी दारावर होतो, बाई. कुलूप लावायला वर गेलो तेव्हा सात वाजले होते. टेबलावर काय होतं काय नव्हतं, बघितलं नाही. देवाशपथ." मग हळूच म्हणाले, "बाई, वर्ग होणार ना? माझी नात आहे त्या एक्केचाळिसांत. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. शिफारस वाटली असती."

मला त्यांची फार लाज वाटली, म्हणजे त्यांच्यासमोर माझी.

ग्रंथपाल पुस्तकांवर नंबर चिकटवत होत्या. मी आडवळणाने विचारायला लागले तर त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"तुम्ही मला चोर म्हणायला आला आहात."

"नाही हो."

"म्हणा ना. खोली मला हवी आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्याकडे आलेलं कागदाचं चिटोरंसुद्धा मी कधी फेकलेलं नाही, आणि तुम्ही म्हणता मी एकतीस पोरांचं अक्षर पळवीन?" त्यांनी ब्रश बाजूला सारला. "आणि वर्ग बुडवायचाच असता तर मी रजिस्टर का ठेवलं असतं? त्यात तर तारीखवार हजेरी आहे. तेही नेलं असतं."

मुद्दा बिनतोड होता. मी क्षमा मागितली. उठता उठता त्या म्हणाल्या, "माझी डिंकाची बाटली कुणीतरी नेली आहे. तुमच्या तपासात सापडली तर परत करा."

छोटे सर मोबाईलवर काहीतरी बघत जिन्यात भेटले.

"गेली?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला दिसला. "बाई, मी चेष्टा करत होतो हो. काल तुम्ही सरांबद्दल बोललात ना, मी घरी जाऊन आईला सांगितलं सगळं. कोपरा दुमडायचा वगैरे. तिला फार आवडलं."

"काल किती वाजता निघालात?"

"पाचला, तुमच्या मागोमाग. आणि मी नेली असती तर नाडी कापून नेली असती. मला कुठे एवढा धीर?"

हेही खरंच होतं. त्यांना बिस्किटाचा पुडासुद्धा कटरशिवाय उघडता येत नाही.

तिघेही सुटले. दुपारचा एक वाजला होता. टाचणीकडे मी औपचारिकता म्हणून गेले.

४

शिवणवर्गात मशिनी बंद होत्या, जेवणाची सुट्टी होती. टाचणी टेबलावर कागदी बेतांचा ढीग आवरत होती. ब्लाउजचे, फ्रॉकचे, शर्टाच्या कॉलरचे.

"सापडली का गं?" तिने वर न बघताच विचारलं.

"नाही. तू काल कधी गेलीस?"

"सहाला. का नाही, साडेसहाला. एक बाई माप द्यायला आली होती."

"वर गेली होतीस?"

"गुडघे बघ माझे. दिवसातून दोनदा तो जिना चढायची माझी टाप आहे का?" ती हसली. मग म्हणाली, "नाहीच सापडली तर त्या अध्यक्षीणबाईंना रजिस्टर दाखव. त्यात सगळं चोख आहे. तुझं नाव आहे, बाराच्या बारा नावं आहेत. तेवढं पुरे."

मी वर आले. खोलीत ऊन टेबलापर्यंत आलं होतं. तिने सांगितलं म्हणून मी रजिस्टर उघडलं.

पहिलं पान. एकपासून अकरापर्यंत नावं एकाच दिवशी, एकाच शाईत. बारावं नाव माझं. शाई वेगळी, तारीख आठ दिवस नंतरची.

ह्यात नवल नव्हतं. माझं निवडीचं पत्र आठ दिवस उशिरा आलं होतं हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. ते आठ दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले होते. पत्र आलं तेव्हा वडिलांनी ओल्या हातांनीच ते घेतलं आणि पोस्टखात्याला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ह्या खोलीत आले. खिडकीजवळचा बाक रिकामा ठेवलेला होता. सर म्हणाले, "ये. बस. आणि शिकशील ते घरी सांगत जा." मग मी रोज वर्ग सुटला की टाचणीकडे जायची. ती चुलीपाशी बसलेली असायची, धाकटी तीन भावंडं अंगाखांद्यावर, आणि मी आजचा धडा तिला म्हणून दाखवायची. मला कोण अभिमान वाटायचा. आपण हिला शिकवतो, आपण किती चांगल्या, असं काहीतरी.

मी तारखेवर बोट ठेवून बसले. पोस्टाने बारा पत्रं एकाच दिवशी टाकली असतील आणि एकच आठ दिवस उशिरा आलं असेल, हे समजू शकते. पण सरांनी रजिस्टरमध्ये नाव लिहायला पोस्टाची वाट कशाला पाहिली असती? निवड झाली त्या दिवशी बारा नावं हातात होती. बाराही त्याच दिवशी लिहायला हवी होती.

माझं नाव त्या दिवशी त्यांच्या हातात नव्हतं.

५

मग बाकीच्या गोष्टी आपोआप रांगेत आल्या.

फाईल नेणाऱ्याला वर्ग बुडवायचा नव्हता, नाहीतर रजिस्टरही गेलं असतं. त्याला पेपरच हवे होते. तो धीराचा होता, हाताचा बारीक होता, आणि गाठी आणि टाके न कापता सोडवण्याची त्याला सवय होती. त्याने किटलीत पाणी उकळलं, पण चहा केला नाही. पाणी नको असेल तर किटलीतून मिळतं काय? वाफ. वाफेने जुनी खळी सुटते. ज्या पेपरांचे कोपरे बंद होते, त्यांतला एक कुणालातरी उघडा हवा होता, आधीपासून उघडा असल्यासारखा. त्यात काहीतरी बिघडलं, त्या गडबडीत किटली बंद करायची राहिली आणि डिंकाची बाटली लागली.

आणि कुठला कोपरा? मी काल सगळ्यांसमोर सांगितलं होतं, उद्या कुठला पेपर आधी काढणार ते.

मी जिना उतरले. शिवणवर्गाचं दार आतून लावून घेतलं. टाचणीने मान वर केली.

"टाचणे," मी म्हटलं, "माझा कोपरा फाटला का गं?"

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, एक, मग दुसरी, आणि उशीत खोचल्या.

"थोडासा," ती म्हणाली.

मग बेतांच्या ढिगाखालून तिने फाईल काढली. "मी साडेतीनला वर नेऊन ठेवणार होते. कपाटामागे सापडली म्हणून सांगणार होते. वर्ग बुडू दिला असता का मी? पण तो मेला कोपरा चिकटेना. डिंक ओला दिसतो, वाळतच नाही. नवा वाटतो."

वरचाच पेपर माझा होता. अक्षर बघताच ओळखलं. कोपरा अर्धा उलगडलेला, वाफेने सुरकुतलेला, माझं नाव मधोमध फाटलेलं. 'इंग्रजी ही जगाची भाषा आहे' अशी सुरुवात, आणि पुढे पान भरून तसंच. एकही ओळ माझी स्वतःची नव्हती, सगळं गाईडमधून पाठ केलेलं. मी परीक्षक असते तर मीही तो कोपरा उघडला नसता.

"म्हणजे मला जागा मिळालीच नव्हती."

"असं काय बोलतेस? मिळाली ना. तू गेलीस ना वर्गात?"

"टाचणे, खरं सांग. मी छत्तीस वर्षं पोरांच्या तोंडाकडे बघितलंय."

तिने फाईलच्या तळाचा एक पेपर काढून माझ्यापुढे सरकवला. कोपरा व्यवस्थित उघडलेला, आत तिचं नाव. तिने निवडीसाठी पेपर दिला होता हे मला माहीत होतं. निवड झाली नाही असं तिने मला सांगितलं होतं, आणि मी विश्वास ठेवला होता. सोयीचं होतं.

तिने लिहिलं होतं: 'माझे बाबा गोदामात पेट्या उचलतात. पेट्यांवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं. बाबांना ते वाचता येत नाही म्हणून कधी कधी पेटी उलटी ठेवली जाते आणि मुकादम सगळ्यांसमोर ओरडतो. मी शिकले तर रविवारी बाबांबरोबर जाईन आणि कोणती बाजू वर आहे ते त्यांना दाखवीन.'

मला पुढचं वाचता येईना. चष्मा काढून पुसला. पान उलटलं तर मागे सरांचं अक्षर होतं.

'हिने जागा सोडली. आई संध्याकाळच्या पाळीला जाणार, लहान भावंडं हिच्यावर. म्हणते, माझी जागा मैत्रिणीला द्या, ती रोज येऊन मला शिकवील, एका जागेत दोघी शिकू. मैत्रिणीचा पेपर निवडीत नाही. तिला हे सांगू नये असं हिचं म्हणणं. नियम मोडतो आहे.'

"सांगितलंस का?" सर रोज दारात विचारायचे. बाकीच्या अकरांना त्यांनी कधी विचारलेलं मला आठवेना.

"तू मला सांगितलं का नाहीस? अठ्ठेचाळीस वर्षं?"

"काय सांगायचं? तू आठ दिवस उशीत रडत होतीस. माझी जागा वायाच जाणार होती. आणि नंतर तू बाई झालीस, मोठी झालीस. जिथे तिथे सांगायचीस, मी शिफारशीशिवाय आले, स्वतःच्या पेपरवर आले. तुझी मान ताठ व्हायची ते सांगताना. मला बघायला आवडायचं गं." ती पदराने टेबल पुसायला लागली, टेबल स्वच्छ होतं तरी. "काल तू म्हणालीस पेपर बघायचाय. मग माझं शिवणात लक्ष लागेना. वाटलं, माझा पेपर काढून टाकते आणि तुझा कोपरा उघडून ठेवते. बाराचे बारा होतात. कुणाला कळणार?"

"किती दिवस आले होते गं मी तुझ्याकडे? शिकवायला?"

"आलीस की बरेच दिवस."

"किती?"

"आता कशाला ते? तुला वर्गात मैत्रिणी झाल्या, अभ्यास वाढला. पोरवयच होतं."

मी तिच्याकडे जायची बंद झाले होते. कुठल्या दिवशी, कुठल्या कारणाने, काही आठवत नव्हतं. जिने जागा दिली तिच्याकडे जायचं मला एक दिवस कंटाळवाणं वाटलं, एवढंच काय ते झालं असणार. आणि तिने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

साडेतीन वाजले. टाचणीने दोन्ही पेपर उचलले. "हे दोन मी ठेवते. बाकीचे एकोणतीस घेऊन जा. त्यात अकरा उघडे आहेत, विचारलं तर म्हण एक गहाळ झाला. खोली मिळेल, पोरं येतील. एवढं तरी ऐक माझं."

खाली फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. अध्यक्षीणबाई वेळेच्या आधीच आल्या होत्या.

६

मी एकतीसच्या एकतीस पेपर वर नेले.

अध्यक्षीणबाईंनी एकेक कोपरा तपासला. मामा, ग्रंथपाल, छोटे सर भिंतीला टेकून उभे होते. टाचणी दारातच थांबली, पळून जायची सोय ठेवून.

"पद्धत चोख दिसते," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"चोख होती," मी म्हटलं. "पण एकदा मोडली. जिच्यासाठी मोडली ती मुलगी मी. मी तुम्हाला आवाज चढवून सांगितलं की शिफारस औषधालासुद्धा नव्हती. होती. माझीच होती." आणि मी तो फाटका कोपरा आणि टाचणीचा पेपर त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी पेट्यांची गोष्ट वाचली. पान उलटलं, सरांचं लिखाण वाचलं. पुन्हा पान उलटून पेट्यांची गोष्ट वाचली. मला वाटलं, गेली खोली. एक्केचाळीस घरी जाऊन काय सांगायचं त्याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले.

"ही कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे दाराकडे वळले. टाचणीने घाईघाईने तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या.

"वाचायला शिकलात का मग? पेट्यांवरचं?"

"तेवढं शिकले," टाचणी म्हणाली. "वरची बाजू कोणती ते बाबांना दाखवलं. हिने शिकवलं होतं."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मला आता सांगणार की शिफारस चांगली असते?"

"नाही. कोपरे चिकटवलेलेच राहतील. पण सरांनी नियम मोडताना एक अट घातली होती. ती मला माहीत नव्हती, म्हणून माझ्याकडून पाळली गेली नाही. ह्या वेळी ती सगळ्यांना पहिल्या दिवशीच माहीत असेल. चोवीस जण वर्गात बसतील. सतरा राहतात. त्या सतरांतला एकेक आपल्या मुलांनी वाटून घ्यायचा, शिकलेलं त्याला शिकवायचं. आणि सांगितलंस का, हे रोज दारात मी विचारणार."

"कुठे शिकवतील? घरी जागा असते का त्यांच्या?"

ग्रंथपाल भिंतीपासून पुढे झाल्या. "सातनंतर वाचनालयाचं मोठं टेबल रिकामंच असतं," त्या जरा रागावल्यासारख्या म्हणाल्या. "फक्त पुस्तकांना डिंकाचे हात लावायचे नाहीत."

"सतरांची हजेरी मी ठेवीन," छोटे सर म्हणाले. "हाताने. रजिस्टरमध्ये."

अध्यक्षीणबाई उठल्या. "मग रजिस्टरं दोन घाला. महिन्याअखेर दोन्ही बघेन मी, आणि दुसरं आधी बघेन." जिन्यात पोचल्यावर त्या मागे वळल्या. "सोमवारपासून खोली तुमची."

मामा खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिले.

एकेक करून सगळे खाली गेले. ऊन बाकांवर सरकलं होतं. खिडकीजवळचा तो बाक अजून तिथेच आहे, त्याचा एक पाय तेवढा बदललाय. मी टाचणीचा हात धरून तिला तिथे बसवलं. ती अवघडून बसली, गुडघे आत घेऊन, हात मांडीवर ठेवून.

"अगं, मशिनी उघड्या पडल्यात माझ्या खाली."

"पडू देत." मी फळा पुसला. पाठमोरी असताना बोलणं सोपं जातं. "टाचणे, आपण कुठल्या धड्यापाशी थांबलो होतो गं?"

मला वाटलं होतं, ती म्हणेल, आता कुठलं आठवतंय.

"अठरावा झाला होता," ती लगेच म्हणाली. "एकोणिसावा उद्या सांगते म्हणाली होतीस."